सातव्या मिनिटाचा चमचा

भिकन : बारा बोल्ट निघाले आतून. बारा! शिवाय रबराचे तुकडे, दोन खोडरबरं, कपड्यांचे चिमटे आन् वर कडेला ठेवलेला एक चमचा. लोकं पियानोत काय काय टाकतेत! बरं झालं, हॉलवाल्यांनी मला टायमात बोलावलं. आता बघा वाजवून, एकदम सुरात लावलाय.

संघर्ष : भिकनभाऊ, ते मी टाकलं होतं.

भिकन : तुमी? खिशातून पडलं व्हय?

संघर्ष : पडलं नाही, ठेवलं होतं! दोन दिवस बसून, एकेका तारेत, मोजूनमापून, तारांचा आवाज बदलावा म्हणून. मी असाच वाजवतो. जर्मनीत कोलोनपासून नॉर्वेत ऑस्लोपर्यंत वीस वर्षं असाच वाजवत आलोय.

भिकन : मी तीस वर्षं पेट्या दुरुस्त करतोय, साहेब. चांदवडपासून वणीपर्यंत सगळ्या भजनी मंडळांच्या पेट्या माझ्याकडंच येतेत. एकदा पेटीतून मेलेला उंदीर निघाला. पण त्यांनी काय तो वाजवायला ठेवला नव्हता.

संघर्ष : बोल्ट द्या. आत्ताच्या आत्ता. पाच वाजलेत, सहाला कार्यक्रम आहे.

भिकन : बोल्ट लावले.

संघर्ष : कुठे लावले?

भिकन : पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांना. लय दिवसांच्या डुगडुगत व्हत्या. अगदी मापात बसले बघा. म्हटलं, देवानंच धाडले.

संघर्ष : काढा ते!

भिकन : काढतो की. पण पहिल्या रांगेत तुमचा तो गोरा पाव्हणा बसनार. धाडकन खाली आला तर मला बोलू नका.

लताबाई : संघर्ष, आवाज खाली. बाहेर फाटकापर्यंत ऐकू येतोय. भिकनभाऊंनी चांगल्या मनानंच केलंय ना?

संघर्ष : आई, तू एवढ्या लवकर कशी?

लताबाई : तुझा डबा आणलाय. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या.

संघर्ष : डबा ठेव तिकडे. तुला कळतंय का काय होऊन बसलंय? तो गोरा पाहुणा कोलोनहून माझं रेकॉर्डिंग करायला आलाय. तीन वर्षं मला कुठून एक बोलावणं नाही. तिकडे लहान पोरांच्या शिकवण्या घेऊन दिवस काढतोय मी. आज जमलं तर पुढे काहीतरी आहे, नाहीतर संपलं सगळं.

लताबाई : मग वाजव ना.

संघर्ष : कशावर वाजवू?

भिकन : पियानोवर.

संघर्ष : अहो, साधा पियानो करून टाकलात तुम्ही त्याचा!

भिकन : तेच तर केलंय. सकाळपासून दुसरं काय करत व्हतो?

लताबाई : भिकनभाऊ, जरा थांबा. त्याला विचार करू द्या.

भिकन : करू द्या की. पण बाई, भाईर फलकावर लिहिलंय ते मी वाचलं. 'आधी काहीही न ठरवता, त्या क्षणी सुचेल ते संगीत.' मग आता सुचू द्या.

संघर्ष : ते तसं नसतं! त्यालाही तयारी लागते. हा तक्ता बघा. कुठला बोल्ट कुठल्या तारेत, टोकापासून किती मिलिमीटरवर, सगळं लिहून ठेवलंय.

भिकन : मिलिमीटर? आमचे भजनाचे गोटीराम बुवा माईकसमोर उभे ऱ्हायले की तोंडातून जी पट्टी निघंल ती निघंल. मी आपला पेटी घेऊन मागं पळतो. त्यांच्या नावाचा फलक नाय लावत कुणी.

संघर्ष : तुम्हाला नाही समजायचं ते.

लताबाई : मला समजतं. तुझा तक्ता मला पाठ आहे.

संघर्ष : तुला?

लताबाई : रिटायर झाल्यापासून मी दुसरं काय करते? तुझे एकतीस कार्यक्रम आहेत मोबाईलवर. एकूण एक बघितलेत, काही तर तीन-तीनदा. आधी दोन मिनिटं तू डोळे मिटून बसतोस. मग नखांनी तारा खरवडतोस. सातव्या मिनिटाला चमचा आत टाकतोस आणि स्वतःच दचकतोस.

भिकन : दचकतेत?

लताबाई : दर वेळी. रॉटरडॅमला चमचा आत पडायच्या ऐवजी बाहेर गालिच्यावर पडला. आवाजसुद्धा झाला नाही. तरी हा दचकला.

संघर्ष : आई, पुरे.

लताबाई : पुरे कसं? तिकडच्या पेपरात आलं, 'याच्या पुढच्या क्षणाचा अंदाज कुणालाही बांधता येत नाही.' तू मराठी करून पाठवलंस. मी शेजारच्या साळूबाईंना वाचून दाखवलं आणि वाचताना मलाच लाज वाटली. खोटं कशाला बोलू? तेहतीस वर्षं वर्गावर काढलीत मी. पाठ करून आलेलं पोर उभं राहिलं की लगेच कळतं मला.

(भिकन हत्यारं पिशवीत भरतो.)

संघर्ष : मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

लताबाई : तू विचारलंस कधी? फोनवर एवढंच सांगायचास, लोक किती आले आणि टाळ्या किती वेळ वाजल्या.

संघर्ष : पहिली काही वर्षं खरंच सुचायचं गं. काहीही सुचायचं, रडायला यायचं वाजवताना. मग एकदा चमचा हातातून निसटला आणि सगळं सभागृह उभं राहिलं. पुढच्या गावी म्हणाले, तो चमचा टाका ना. मी टाकला. तेव्हापासून भीतीच बसली. टाकला नाही आणि दुसरं काही सुचलंच नाही, तर?

भिकन : नाय सुचलं तर नाय सुचलं. आमच्या बुवांना बी कधी कधी नाय सुचत. मग ते पानी पितेत.

संघर्ष : आणि लोक?

भिकन : लोक बी पितेत.

लताबाई : तीन वर्षं बोलावणं नाही म्हणतोस. अरे, तुझा तक्ता त्यांनाही पाठ झाला असेल.

संघर्ष : फार लागतं गं तुझं बोलणं.

लताबाई : लागू दे. पंचेचाळीस वर्षांचा झालास, आता कुणी दुसरं नाही बोलायचं तुला.

भिकन : साहेब, गर्दी यायला लागली. खुर्च्या सोडायच्या तर आत्ताच सोडाव्या लागतीन. बोल्ट पायजेत का नकोत, एकदाच सांगा.

संघर्ष : नकोत.

भिकन : बघा हं. नंतर माझ्या नावानं खडे फोडायचे नाय.

संघर्ष : नाही फोडणार. (पियानोची एक पट्टी दाबतो.) हा वरचा सूर किती स्वच्छ लागलाय हो. घाबरायला होतं.

भिकन : तो लय हट्टी व्हता. दीड तास घेतला त्यानं.

संघर्ष : आई, आज सगळं फसलं तर?

लताबाई : फसू दे. मी तर पहिल्यांदाच ऐकेन.