तिले बसवून ठेवा

नाई मावशी, उठू नोको, बस — चहा मांडला ना मी, असं मधातच कोनी उठून जाते काय? भांड्याचं गाठोडं राहू दे तिथंच, दाराआड. जुने कपडे काढतो मी, दोन साड्या हायेत, ह्यायच्या पँटा हायेत, त्याच्यात ती लहान परात देशीन ना? देशीन. अन् पाह्य, पोरगी कशी झोपली तुह्या मांडीवर! खुशी कोनापाशीच जात नाई वो, मानूस दिसला का मह्या पदरात तोंड खुपसते — मानूस दिसतेच कुठं म्हना. मारेगावच्या ह्या लेआऊटमधी राहाले आलो तवापासून बाजूच्या वहिनीचं तोंड मी गेटाच्या फटीतूनच पाह्यलं. तू "भांडे घ्या भांडे" करत आलती, कोनं गेट उघडलं? कोनीच नाई. मीच.

आमच्या महागावकडं असं नव्हतं. भांडेवाली आली का सारी गल्ली आमच्या ओट्यावर. घेनारी एकटी माही माय, पन भाव कराले साऱ्याजनी — एक म्हने पातेलं पातळ हाय, दुसरी साडीचा काठ ओढून दाखवे, तिसरी नुसती हासाले येऊन बसे. भांडेवाली निंघून जाये तरी ह्या उठत नव्हत्या, मायच म्हने, जा वो बायांनो आता, मले भाकरी टाकाच्या हायेत. इथं? इथं मोबाईलवर ग्रुप हाय. खुशीचा वाढदिवस होता तवा मी लिवलं, सारे या, केक हाय. साऱ्यायनं अंगठे धाडले. आलं कोनीच नाई. फुगे चार दिवस तसेच लटकून होते, काढू वाटेना — जाऊ दे, चहा घे, थंडा होईन.

बाहेर काय पाह्यतं? कोनाचं गेट वाजलं असन. त्या ग्रुपवर रोज येते ना, पोरं पळवनाऱ्या बाया फिरून राह्यल्या म्हनून, फोटोसकट — मी तर भर दुपारी कडी लावून बसतो. तू आली तवाबी मी आधी खिडकीतूनच पाह्यलं. खुशी अंगनात, अन् तू गेटाबाहेरून तिले ये म्हनून हात हालवत होती. मले काय मालूम, तुले पानी पाह्यजे होतं म्हनून? मी फोटो काढला. टाकला ग्रुपवर. एवढंच लिवलं, ही बाई मह्या पोरीले बोलावून राह्यली.

अशी पाहू नोको मले. आयक तर. साऱ्यायनं उत्तर दिलं, मावशी! अंगठे नाई, बोलनं! बाजूची वहिनी लिवते, घाबरू नोको, आम्ही हावोत ना. जिनं कधी जेवली काय म्हनून इचारलं नाई, ती! मंग कोनी लिवलं, तिले आत घ्या, बसवून ठेवा, आम्ही मानसं जमवून येतो. म्हनून मी गेट उघडलं. चहा बी म्हनूनच मांडला, खोटं कायले बोलू. पन तू खुशीले घेतलं, थोपटलं, अन् मी बोलत बसली — किती दिवसानं बोलली वो मी कोनासंगं. येऊ नोका, बाई चांगली हाय, असं लिवाले फोन उचलला होता मी. उचलला, अन् ठेवला. वाटलं, येऊन राह्यले तर येऊ दे. घरी येतीन, बसतीन, मी म्हनन चुकलं माहं, साऱ्यायले चहा टाकीन. कप बी धुवून ठेवले, ते पाह्य —

गेटं वाजून राह्यले. एक नाई, सारेच. एवढे लोक राह्यते इथं? त्यायच्या हातात — पडदा सोड, मावशी, दिसशीन! उठ. मागच्या दारानं जाय, मागं कापसाच्या पराटीचं वावर हाय, वाकून गेली तर दिसनार नाई. भांडे राहू दे! पोरगी दे इकडं, हळू, झोपेतच — तुह्या गळ्यातली पोत धरली तिनं. सोड बेटा, मावशीची पोत सोड. तोड ती पोत, मी देईन तुले दुसरी, तोड! — आली, आली वहिनी, काढतो कडी, इथं कोनी नाई, गेली ती — जाय ना वो तू! — खुशी, रडू नोको. रडू नोको माय, त्यायले वाटन —