दारात आलेलं अस्वल

घशाच्या डॉक्टरांकडे मी बसलो होतो. आतून तपासून आलेले एक सासरे आणि त्यांची सून शेजारी औषधाच्या चिठ्ठीसाठी थांबले होते. सासऱ्यांचा आवाज पार बसलेला.

"बाबा, ऐकलंत ना? महिनाभर मौन."

"अगं, रविवारी छकुलीचा वाढदिवस! अस्वलाची गोष्ट कोण सांगणार?"

"पुठ्ठ्याची गुहा झाली, मधाचं मडकं रंगवून झालं. गोष्ट मी सांगेन."

"तुला कुठे येते?"

"रोज रात्री भांडी घासताना नळ बारीक करून ऐकते की."

"कधी बोलली नाहीस ती!"

"तुम्ही लाजला असता. शेवट मात्र ठाऊक नाही. अस्वल मध घेऊन दारात येतं आणि पुढे तुमचं घोरणंच ऐकू येतं."

"पोरगी पूर्वरंगातच झोपते, मागोमाग मी. शेवट रचलाच नाही गं कधी."

"अगंबाई! मग असं करू. मी दारापर्यंत सांगते. तपकिरी घोंगडी पांघरून तुम्हीच दारात या."

"मुका?"

"तुमचं अस्वल कुठे बोलतं?"

"पण आवाजाशिवाय तिला कळेल का, आजोबा आलेत ते?"

"तुम्ही उठताबसता गुडघे वाजतात ना, त्यावरून अंधारातही ओळखते ती तुम्हाला."

तेवढ्यात खिडकीतून चिठ्ठीसाठी हाक आली. सासरे काही बोलणार, तोच सुनेने ओठांवर बोट ठेवलं. ते खुर्चीला धरून उठले. गुडघे कडकडा वाजले.

"आलं बाई अस्वल," सून म्हणाली.