सीझन लागला, लाव मोबाइल

तुम्ही मालिकांच्या सीझनचं बोलता, म्हणून आठवलं. आमचे बाबा अकोल्याच्या एका जिनिंग मिलमध्ये जन्मभर कापसाच्या वजनकाट्यावर होते. ते अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांनी आणि मी मोबाइलवर एक मालिका पाहिली. पहिल्याच भागात एक मुलगी हरवते. आठ भाग संपले, तरी ती सापडली नाही.

"पोरगी घरी येते का नाही?" बाबांनी विचारलं.

"पुढच्या सीझनमधी समजन, बाबा."

"बरं. दसऱ्यापर्यंत पाहू वाट."

मला वाटलं, असंच म्हणाले. दसरा झाला, घरासमोरून कापसाच्या गाड्या जायला लागल्या. एका सकाळी त्यांनी हाक मारली.

"सीझन लागला. लाव मोबाइल. मी केव्हाचा वाट पाहून राहिलो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांच्यासाठी सीझन एकच, दसऱ्याला लागणारा कापसाचा. मालिकेचा दुसरा सीझन तर अजून बनलाही नव्हता, आणि डॉक्टर दिवाळीचंही खात्रीनं सांगत नव्हते.

"मी पाह्यला, बाबा. आली पोरगी घरी."

"कोन्त्या भागात?"

"पहिल्याच."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "मंग बाकीचे सात भाग काय दाखोतात?"

मी मोबाइल उशाखाली सरकवला. त्यांनी डोळे मिटले. "राहू दे. तू म्हनतं ना आली, मंग आली."

यंदा तो दुसरा सीझन आला. बायको म्हणते, पाहू. मी लावत नाही. बाबा गेले तेव्हा पोरगी घरी होती.