दाईने तोंड उघडू नये

काल सकाळी आठाचा टोला पडला तेव्हा, तुम्हाला सांगते, माझं तोंड मिटलेलंच होतं! वीस महिने मिटलेलं होतं. शहरातल्या चीपसाइड बाजारच्या फुलवुड कापडवाल्यांकडे मी दाई, त्यांच्या तान्ह्या अँब्रोझला पाजायला लांबच्या डेव्हनच्या खेड्यातून आलेली. पहिल्याच दिवशी बाईंनी बजावलं, "टॉमझिन, दूध तुझं, पण बोली राजदरबारचीच हवी हं. पोराच्या कानावर तुझं गावंढळ अक्षर पडलं, तर चालती हो." म्हणजे अंगाई नाही, लाडाची शिवी नाही... पोर पाजायचं आणि भिंतीकडे बघायचं! माझी लेक विल्मट तिकडे माझ्या आईपाशी, मी धाडेन त्यावर जेवणारी, म्हणून गप्प राहिले. दरबारची बोली ऐकवायला मास्तर ठेवलेला. तो पाळण्याशी बसून जाड पुस्तक वाचायचा, पोर झोपायचं, मग मास्तरही पेंगायचा. मी आपली तोंड मिटून!

आता पोर वीस महिन्यांचं झालं तरी ब्र काढेना, तर दोष कुणाचा? मास्तरचा? छे! स्वयंपाकीण कुजबुजली, ही बया बोलत नाही पण हिचे ओठ हलतात, हिनंच वाचा बांधली पोराची. हलायचे हो ओठ! रोज तिन्हीसांजेला, त्याच्या कानाशी, हळूच पुटपुटत, माझी प्रार्थना, तेवढीच. बाकी तोंड मिटून! पण गल्लीतल्या बाया मला बघून पोरं आत ओढायला लागल्या. मागच्या साली अशाच एकीला चेटकीण ठरवून फासावर दिलं, तिचं मांजर अजून तिच्या बंद दारात बसतं...

आणि काल त्याच आठाच्या टोल्याला पाद्रीबाबा आले, दोन साक्षीदार घेऊन. चेटकीण ओळखायची रीत ठाऊक आहे ना? प्रार्थना म्हणायची, जीभ अडखळली की गळ्यात दोर. दरबारी बोलीत म्हणावी तर दुसऱ्याच शब्दाला मी अडखळणार. आपल्या बोलीत म्हणावी तर बाई समोर उभ्या, काम गेलं, विल्मट उपाशी. काय करावं माणसानं, सांगा? डोळे मिटले आणि सोडली, आईनं शिकवली तश्शी, "आमच्या सर्गातल्या बापा, तुजं नाव पवित्र ऱ्हाऊ दी..." ओढ्यासारखी, न थांबता! रोजच्या भाकरीपाशी पोचते, तोच मागून बारीक आवाज,

"भाकर दी."

अँब्रोझ! हात पुढे करून!

पाद्रीबाबा म्हणाले, निर्दोष. बाई मात्र पांढऱ्याफटक. "चेटकीण असतीस तर एकवेळ उतारा केला असता," म्हणाल्या, "पोराच्या या गावंढळ बोलीला आता उतारा कुठून आणू?" दुपारी बोचकं दाराबाहेर. आत पोर ओरडतंय, भाकर दी, भाकर दी... आणि मग एकदम गप्प. मास्तरनं तोंड दाबलं असणार.

गावी कुठल्या तोंडानं जाऊ? इथेच काम बघते. पण बायांनो, डेव्हनकडे कुणी जात असेल, तर पोटासाठी इकडे निघालेल्या पोरींना एवढा निरोप द्या, प्रार्थना इथल्या बोलीत घोकूनच या. आपलं बोलणं देवाला कळतं हो, पण दाईला कामावर देव ठेवत नाही.