पत्ता सापडत नाही म्हणे!

ऐका भिया, आमच्या आईला फसवणं सोपं नाही. परवा सकाळी तिला ईमेल आला: 'डिअर कस्टमर, तुमचा पत्ता सापडत नाही. लिंकवर लगेच बँकेची माहिती भरा, नाहीतर पार्सल परत जाईल.' मावशीनं पुण्याहून मुंजीसाठी पाठवलेली पैठणी खरंच यायची होती. मी घाबरलो. "आई, भर ना जल्दी!"

तिनं मोबाइल माझ्या हातातून काढूनच घेतला. "बावळटा, घर शोधायला बँक कशाला लागते? आणि इथे बड्या गणपतीच्या देवळाजवळ, आपल्या गल्लीत, मला कस्टमर कोण म्हणतं रे? आपला कुरियरवाला तर डोळे मिटूनही येईल. करते डिलीट!"

"पण खरा असला तर? पैठणी गेली ना मग!"

तेवढ्यात दारातून हाक आली, "काकीजी, पार्सल!"

आईनं आधी पैठणी उघडून पाहिली, मग कुरियरवाल्याला बसवून पोहे दिले. "काय भिया, तुम्हाला आमचं घर सापडत नाही म्हणे?"

तिनं दुसऱ्यांदा भरलेल्या प्लेटकडे बघत तो म्हणाला, "घर तो मिल जाता है काकीजी, यहाँ से निकलने का रास्ता नहीं मिलता!"