चार बोटांचा दुर्माक

—तर अख्ख्या जबलपुरात टीव्हीवर अकरा वेळा मेलेला माणूस एकच, आणि तो तुझ्यासमोर बनियनवर बसला आहे. अकरा म्हणजे, नऊच. दोनदा मी मेलो नव्हतो, झोप लागली होती, आणि डायरेक्टर म्हणाला, ह्याला हलवू नका, बढिया मेला आहे. बस ना, उभी काहून? त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय मोडका आहे, पाहुण्यांना मी मुद्दाम तीच देतो — पण तू दिवाकरची पोरगी पडलीस. नाव सांगितलंस प्रणाली, पण त्याआधी नाकच आत आलं होतं. तेच नाक. बालाघाटहून आलीस म्हणतेस, सकाळच्या बसनं. अच्छा. चहा टाकला आहे तुझ्या शकुकाकूनं, तिला गुडघ्यांमुळे वेळ लागतो, तोवर सांग — नाही, तू नको सांगू, मीच सांगतो तू काहून आलीस ते.

पंचवीस वर्षांत तुमच्या घरून इकडे कोणी फिरकलं नाही. पोस्टकार्ड नाही, लग्नाची पत्रिका नाही. आणि आज गुरुवार, रविवारी माझा सत्कार, आणि तू बरोबर मधल्या वेळात हजर. मी शाळेत फार गेलो नाही बेटा, आठवीत मास्तरच मला कंटाळले, पण एवढा हिशोब मला जमतो. आणि ती पिशवी. आल्यापासून मांडीवरून खाली ठेवली नाहीस. काय आहे तिच्यात, कॅमेरा? मोबाईल चालू ठेवून आत टाकला असेल. ठेव, ठेव, माझा आवाज चांगला येतो. वेदांगनं पाठवलं का तुला? वेदांग म्हणजे शेजारच्या शैलेंद्रचा मुलगा, ज्यानं ती जुनी सिरियल मोबाईलवर कुठून तरी खोदून काढली. आता आपल्या गढा मोहल्ल्यातली सगळी पोरं पुठ्ठ्याचे मुखवटे लावून गल्लीत एकमेकांवर डरकाळ्या फोडून राहिली आहेत. त्यांनीच हॉल घेतला रविवारचा. शाल, नारळ आणि ढाल. ढाल खरी, पत्र्याची. कोणाला? ज्यानं भेडाघाटच्या पांढऱ्या खडकावरून नर्मदेत उडी मारली त्या दुर्माकाला. म्हणजे मला. हे इथे पानवाल्यालाही माहीत आहे, विचार जाऊन.

तुला दुर्माक माहीत नसतील, तू तेव्हा पाच-सहा वर्षांची. सिरियल हिंदी, 'नक्षत्र के उस पार', शहाण्णव साली शूटिंगवाले आले आणि म्हणाले, दूरच्या ग्रहावरची लढाऊ जमात पाहिजे, तीस माणसं, उंच, धट्टीकट्टी. आम्ही दोघं गेलो, मी आणि तुझा बाप. कपाळावर टायरच्या रबराचे तीन उंचवटे चिकटवायचे, खांद्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा, वर मुखवटा. मी एकदा तसाच टेम्पोत बसून घरी आलो. ड्रायव्हरनं पैसेसुद्धा मागितले नाहीत, फक्त एका म्हातारीनं विचारलं, भैया, नौटंकी कहाँ लगी है. पण दुर्माक जात मोठी पक्की. पाठ दाखवत नाही, मेलेल्याला सोडून जात नाही, आणि खोटं बोलत नाही. हाताला चारच बोटं. काहून? तर त्यांच्या पहिल्या राजानं एकदा खोटी शपथ घेतली, मग स्वतःच करंगळी तोडून दिली, तेव्हापासून खोटं बोलायचं बोटच त्यांना उगवत नाही. लिहिणारा कोण होता देव जाणे, पण डोकं होतं. आता आम्हाला तर पाच बोटं. मग रोज सकाळी सुतळीनं करंगळी आत दाबून बांधायची आणि वरून चार बोटांचे हातमोजे. संध्याकाळपर्यंत हात मेल्यासारखा व्हायचा, समोसा धरता यायचा नाही. एकोणतीस जणांची बांधायचे, रांगेत उभं करून.

तीसच होतो. तीस म्हणालो ना मी? एकोणतीस म्हणालो का. चहा का येऊन नाही राहिला अजून — शकु, अगं पाहुणी आहे.

हे बघ, तू माझ्या हाताकडे काहून पाहून राहिली? मघापासून. मी बोलतो तोंडानं आणि तू पाहतेस हात. मी काय वेडा आहे? ती क्लिप पाहून आलीस तू. उडी मारल्यावर तो दुर्माक पाण्यातून हात वर काढतो, तेवढ्यावर थांबवून पाहिली असशील. प्रवाहात हातमोजा निघून गेला होता, हात उघडाच होता, चार बोटांचा. तीस वर्षं लोक पाहून राहिले आणि म्हणून राहिले, वा, काय हातमोजा बनवला. पण तू त्या हातानं भरवलेले घास खाल्लेस, तुला कोण फसवणार. पनागरच्या मामाकडे कडबा कापायच्या मशीनमध्ये गेली होती दिवाकरची करंगळी, सात वर्षांचा असताना. त्याची बांधावीच लागत नसे. रांगेत उभा राहून आम्हाला चिडवायचा, म्हणायचा, मी जातीचा दुर्माक, तुम्ही सगळे भरतीचे.

हळू बोलू. शकुलाही माहीत नाही.

ऐक, मग काय बोलायचं ते बोल. मुंबईहून आलेल्या स्टंटवाल्यानं खडकावरून खाली पाहिलं आणि त्याला ताप भरला. दिवाकर म्हणाला, मी मारतो. आणि तो तेव्हा ऑफिसातून रजेवर, कशाची रजा, तर पाय मोडल्याची. डॉक्टरचं सर्टिफिकेट दिलेलं. पाय मोडलेला माणूस नर्मदेत उडी मारतो आणि सारा देश रविवारी सकाळी पाहतो. सोमवारी त्याचे साहेब विचारून राहिले, हा तुमच्या अंगकाठीचा दिसतो. नोकरी जाणार होती, बेटा, तू आणि तुझी आई उघड्यावर आला असता. मग मी गेलो साहेबाकडे. छाती पुढे काढून सांगितलं, उडी मी मारली, अंबादास माझं नाव, घेतो शपथ. दिवाकर बाहेर सायकल धरून उभा, आम्ही दोघं पोट धरून हसलो गल्लीच्या टोकापर्यंत. आठ दिवसांची गंमत होती. म्हणालो होतो, तुझे साहेब बदलून गेले की सांगू सगळ्यांना.

साहेब गेले. मी सांगितलं नाही. कसं सांगणार? न्हावी खुर्ची पुसून द्यायचा. लोक पोरांना दाखवायचे, तो बघ. मला आयुष्यात कोणी असं दाखवलं नव्हतं, दाखवलं तर ह्याच्यापासून दूर राहा म्हणून. मग गणपतीत आपल्या मराठी मंडळींनी सत्कार केला. तुझा बाप तिसऱ्या रांगेत. मी भाषणात पाणी किती थंड होतं ते सांगितलं — मला पोहतासुद्धा येत नाही — आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं नाही. रुसून नाही, हसून राहिला होता तो माझ्याकडे बघून. उजवा हात खिशात होता. कोणी पाहू नये म्हणून. माझ्यासाठी खिशात घातला त्यानं तो हात, आणि पुढच्या वर्षी बदली मागून बालाघाटला गेला. मागच्या वर्षी तो गेल्याचा निरोप कोणाकडून तरी आला तेव्हा मी शकुला म्हटलं, गुडघे दुखतात, जाणं जमणार नाही. गुडघे तिचे दुखतात, माझे नाही.

तर आता झालं तुझं काम. रेकॉर्ड झालं असेल. जा, ऐकव वेदांगला, हॉलमध्ये लाऊडस्पीकरवर लाव. तीस वर्षं सगळ्यांची टोपी उडवली, एकदा माझी उडू दे. पण एवढं नाटक कशाला करायचं, सरळ आली असतीस, म्हणाली असतीस, काका, माझ्या बापाची उडी परत द्या — मी काय चावलो असतो? आता पिशवीत हात काहून घालून राहिली? काय आहे ते? दाखव इकडे. कापड? हे तर —

"काका, क्लिपमध्ये मला पण हातमोजाच दिसला होता. पापा घरी नेहमी हेच सांगायचे, उडी अंबादासनं मारली, मी तर काठावर टाळ्या वाजवून राहिलो होतो. म्हणून रविवारसाठी हे शिवून आणले, चार बोटांचे, आणि तुमच्या हाताचं माप पाहून राहिले होते. आता तुम्हीच सांगा, करंगळी बांधू का तुमची?"