शनिवारची फायनल आणि दयानंदकाकांची शाल

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या मंडळाच्या कल्पनाताई. उशिरा का होईना, पण ज्यांची वाट पाहून पाहून आम्ही सगळ्यांनी दोनदा चहा घेतला ते प्रमुख पाहुणे, काकांच्या कंपनीचे जनरल मॅनेजर साहेब. मला दोन मिनिटं देऊन लगेच घड्याळाकडे बघणारे आपले सचिव मधुकाका. ज्यांच्यासाठी हा सगळा थाट आहे आणि ज्यांना एका शब्दानंही विचारलं गेलं नाही ते आजचे सत्कारमूर्ती, दयानंदकाका. पहिल्या रांगेत बसलेल्या सुलोचनाकाकू. आणि मसालेभाताच्या वासानं चुळबुळ करणाऱ्या माझ्या मस्कतवासी बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार. आणि काकाकाकूंना, आमच्या दोन्ही घरांत जो म्हणतात तो, जय भीम.

मला तरुणांच्या वतीनं बोलायला सांगितलंय. मी या मंडळाचा माईकवाला. माझं नाव रुपेश. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून परत आलेला तो मीच. का सोडलं, हे इथे सांगण्यासारखं नाही. ज्यांना माहीत आहे त्या मागच्या रांगेतल्या काकूंनी आत्ताच पदर तोंडाला लावला. हसा काकू, हसा. आज कोणीतरी हसायला हवं, कारण मी फार चिडलेलो आहे.

आधीच्या वक्त्यांनी काकांबद्दल छान छान सांगितलं. अठरा वर्षं ओमानमध्ये, पंपिंग स्टेशनचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर, मितभाषी, मनमिळाऊ. सगळं खरं. पण एक राहिलं. गणपती असो, कोजागिरी असो, या स्टेजवरचा प्रत्येक दिवा काकांनी लावला. अठरा वर्षं ते या स्टेजच्या खाली होते, वायरींच्या गुंत्यात, ओणवे. आज पहिल्यांदा वर बसलेत. कधी? तर जाताना. माणूस सोमवारच्या विमानानं कायमचा जायला निघाला, तेव्हा आपल्याला त्याच्यासाठी खुर्ची सापडली!

नाही मधुकाका, अजून दोन मिनिटं झाली नाहीत.

आता मी तुम्हाला बास्केटबॉलबद्दल सांगणार आहे. कुजबुज ऐकू आली मला. 'निरोप समारंभात बास्केटबॉल?' हो. ऐका.

काकांची मुलगी रचना. तुम्ही सगळे तिला ओळखता. आमच्याच शाळेतली, माझ्या एक वर्ष पुढे. ती अमेरिकेला शिकायला गेली, मॅपल्टन नावाच्या छोट्या कॉलेजात. तेव्हा याच हॉलच्या पायऱ्यांवर काय काय बोलणं झालं ते मी माईकच्या वायरी गुंडाळताना ऐकलंय. 'एकटी मुलगी.' 'पैसा आला की हे असं होतं.' 'यांच्यात चालतं बाबा.' यांच्यात म्हणजे कोणात, हे मी तेव्हाच विचारणार होतो. काकांनी माझा दंड धरला. म्हणाले, "वायर गुंडाळ रे तू."

तर रचना तिथे कॉलेजच्या रेडिओवर लागली. बास्केटबॉलची कॉमेंट्री करते. आठ-नऊ जवळपासची कॉलेजं मिळून एक गट असतो, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. हिवाळाभर प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा घरी, एकदा त्यांच्याकडे. आणि शेवटी मार्चमध्ये तीन दिवसांची स्पर्धा. त्यात जो जिंकेल तोच पुढे, देशपातळीवर. हिवाळाभर पहिला नंबर काढा, या तीन दिवसांत घसरलात की खलास.

मॅपल्टनच्या टीमचं नाव हेरन्स. म्हणजे बगळे. हसा. मधुकाकाही हसले होते, त्याचं पुढे सांगतो.

हे दोन हजार दोन साल आहे. पेपरात येतं की इंटरनेटनं जग जवळ आलं. आपल्या इथे रुवीत ते अजून टेलिफोनच्या तारेतून खुरडत खुरडत येतं. आमच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, दुकानात मी हेच काम करतो, घरोघरी जाऊन कॉम्प्युटर जोडून देतो. नोव्हेंबरात काकांच्या घरी जोडून दिला, आणि रचनाच्या कॉलेजचा रेडिओ लावून दिला. तिकडे संध्याकाळी मॅच, तेव्हा इकडे पहाट. काकू म्हणाल्या, "रुपेश, तूच येत जा बाबा. यांच्या हातून ते बंद पडतं." मी काय करणार? वडीलधाऱ्या माणसांची आज्ञा. हिवाळाभर पहाटे उठून गेलो. माझ्या बाबांना वाटलं, पोरगा सुधारला.

काकांना बास्केटबॉलमधलं काही कळत नाही. आजही नाही. एकच प्रश्न विचारतात, "आपण पुढे आहोत ना?" आणि मधेच म्हणतात, "घसा बसलाय तिचा," किंवा "आज नीट जेवलेली नाही ही." मी विचारलं, काका, कसं कळतं? तर म्हणाले, "वाक्य गिळते ती, भूक लागली की." मी टीम ऐकत होतो, खेळाडूंची नावं, फ्री थ्रो, फाऊल, सगळं पाठ केलं. माणसं क्रिकेटसाठी वेडी होतात तसा मी त्या बगळ्यांसाठी झालो. ते हरले की दिवसभर गिऱ्हाइकांवर डाफरायचो. आणि तिच्या शेजारी बसून कॉमेंट्री करणारा जो एक गोरा आहे, तो उगाच हसतो. बास्केट पडलं की हसतो, नाही पडलं तरी हसतो. असो. तो आजचा विषय नाही.

एकच नियम होता त्या घरात. मॅच चालू असताना आतल्या खोलीतला फोन कोणी उचलायचा नाही. उचलला की लाईन तुटते, आवाज जातो. काकूंनी त्या फोनवर उशी ठेवली होती. वर्ध्याहून सख्ख्या भावाचा फोन वाजला तरी उचलला नाही त्यांनी.

चिठ्ठी आली. वाचून दाखवतो. 'आटोपते घ्यावे.' धन्यवाद. अक्षर सुरेख आहे मधुकाकांचं.

जानेवारीत काका खाबुऱ्याला साईटवर अडकले. पंप बंद, चार दिवस मुक्काम. आणि त्यातल्याच एका पहाटे पहिल्या नंबरच्या कॉलेजशी मॅच. घरची लाईन रेडिओत गुंतलेली, म्हणून काकांनी रेस्ट हाऊसवरून शेजारच्या घरी फोन लावला. माझ्या एका हातात काकांच्या घरच्या खिडकीतून ओढून आणलेला शेजाऱ्यांचा रिसीव्हर, तो स्पीकरला लावून धरलेला. दोन तास. हात बदलत बदलत. बाहेर अजान झाली, उजाडलं, काकू मला पोहे भरवतायत आणि मी आपला पुतळ्यासारखा उभा. मॅपल्टन जिंकलं. आणि तेवढ्यात रचना, त्या अमेरिकन रेडिओवर, सगळ्या अमेरिकेसमोर, मराठीत म्हणाली, "बाबा, गुड मॉर्निंग. चहा प्यायलात का?"

खाबुऱ्याहून रिसीव्हरमधून उत्तर आलं, "हो, प्यायलो." अहो, तिला कुठे ऐकू जाणार होतं! आणि काकू इकडे म्हणतायत, "साखर किती घातली विचार!"

तिनं बाकी कोणाचं नाव घेतलं नाही. घ्यायला हवं होतं असं माझं म्हणणं नाही.

त्या दिवसापासून बगळे हरलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. कॉन्फरन्समध्ये पहिले आले. मग या आठवड्यात ती तीन दिवसांची स्पर्धा. परवा जिंकले. काल जिंकले. आणि फायनल? फायनल आज. शनिवार. तिथले सकाळचे अकरा, आपले रात्रीचे आठ. म्हणजे मी हे बोलतोय तेव्हा फायनलचा दुसरा हाफ चालू आहे. रचनाचं हे शेवटचं वर्ष. बगळे जिंकले तर पुढची स्पर्धा मोठे रेडिओवाले घेतात, कॉलेजच्या मुलांना माईक मिळत नाही. म्हणजे जिंकले काय, हरले काय, माईकवरचा तिचा हा शेवटचा दिवस. आणि तिचा बाप कुठे आहे? इथे. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, समोर तुम्ही.

आता राग ऐका माझा.

हा समारंभ काल व्हायचा होता. शुक्रवारी. सुट्टीचा वार, सगळ्यांना सोयीचा, पत्रिकाही तशीच छापली होती. मग सोमवारी कळलं, शनिवारी केलाय. का? तर प्रमुख पाहुण्यांना शुक्रवारी सोहारला जायचं होतं. साहेब, माझा तुमच्यावर राग नाही, तुम्हाला कोणी सांगितलंच नसेल. पण मी मधुकाकांकडे गेलो. म्हटलं, शनिवार सोडून कुठलाही वार घ्या, त्या दिवशी फायनल आहे, काकांच्या मुलीचं कॉलेज नक्की पोहोचणार. तर मधुकाका हसून काय म्हणाले? "अरे, बगळ्यांच्या मॅचसाठी समारंभ हलवू? हॉल काय रोज मिळतो?"

हॉल. अठरा वर्षं काका दर मार्चमध्ये अर्ज देतात, चौदा एप्रिलला जयंतीसाठी हॉल द्या. अठरा वर्षं उत्तर एकच, त्या दिवशी हॉल मोकळा नाही. आम्ही काकांच्या दिवाणखान्यात जयंती करतो, चपला जिन्यापर्यंत जातात. आणि इथे एका साहेबांचा सोहारचा दौरा निघाला तर वार उचलून इकडचा तिकडे! म्हणजे वार हलतो. हॉल मिळतो. फक्त कोणासाठी, एवढाच प्रश्न आहे. चुकीचं बोलतोय का मी? कल्पनाताई, तुम्ही सांगा. चुकीचं असेल तर मी आत्ता माईक ठेवतो.

नाही ना? बरं.

आणि काका, राग तुमच्यावरही आहे. मी तणतणत तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही बॅगांना दोरी बांधत होतात. म्हणालात, "असू दे रे. लोकांनी प्रेमानं ठरवलंय. मॅच काय, रचना फोन करून सांगेल." तुम्ही तोंड फिरवलंत आणि तीच गाठ पुन्हा पुन्हा बांधत बसलात. किती वेळा 'असू दे' म्हणायचं माणसानं? तुम्ही असू दे म्हणता आणि लोक खरंच तसंच असू देतात! आज निघताना जिन्यात तुम्ही मला बजावलंत, "दोन शब्द बोल आणि खाली उतर. भांडू नकोस." मी मान हलवली. पण हो म्हटलं नव्हतं.

दुसरी चिठ्ठी. 'भात गार होतो आहे.' होऊ दे.

मघापासून मी सारखा पडद्याकडे बघतोय, तुमच्या लक्षात आलं असेल. पडद्यामागे माझा मित्र अश्विन आहे. त्याच्या मांडीवर दुकानातला लॅपटॉप आहे. हॉलच्या ऑफिसमधल्या टेलिफोनची वायर जिन्याखालून, स्टेजखालून, जिथून काका अठरा वर्षं वायरी नेत आले त्याच भोकातून त्या लॅपटॉपपर्यंत आली आहे. ऑफिसची किल्ली मी चोरलेली नाही. हॉल सांभाळणारे गुलजारभाई, त्यांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "बेटी की आवाज है ना? तो पूछता क्या है, यल्ला, चल." त्यांना एका वाक्यात कळलं. आपल्या कमिटीला दोन बैठका लागल्या आणि तरी नाही कळलं.

समारंभ सुरू झाल्यापासून अश्विन जोडतोय आणि लाईन तुटतेय. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा माझं नाव पुकारलं गेलं. म्हणून मी बोलतोय. लाईन जुळेपर्यंत बोलणार आहे. मधुकाका, माईक बंद करायचा असेल तर माईकवाल्याला सांगावं लागेल, आणि माईकवाला मी आहे.

अश्विन? अजून नाही. बरं.

मग एक शेवटचं सांगतो. सोमवारी काकांचं इथलं घर बंद होईल. काकाकाकू वर्ध्याला जातील. रचनाला मस्कतला यायचं काही कारण उरणार नाही. माणसाला कुठे यायचं तर तिथे कोणीतरी आपलं असावं लागतं, आणि मी तसा... मी त्यात मोडतो की नाही, हे मला कोणी सांगितलेलं नाही. मी विचारलेलंही नाही. काका, तुम्ही खाली बघू नका, मी आज विचारणार नाहीये. इथे नाही. एवढी अक्कल कॉलेज सोडलेल्यालाही असते. मला आज फक्त एवढंच हवंय, की तिच्या शेवटच्या मॅचला तिचा बाप हजर असावा. तिला कळो न कळो.

अश्विनचा अंगठा वर आला.

तर मंडळी, मी आटोपतो. बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. साहेब, मधुकाका, माझ्या बोलण्यातलं काही टोचलं असेल तर मी लहान आहे, पोटात घाला. आणि नसेल घालवत तर उद्या सकाळी दुकानावर या, तिथे भांडू. आत्ता नको.

मागे ऐकू येतंय? ही खरखर नाही, माणसांचा आरडाओरडा आहे. ढोल वाजतोय तो त्यांच्या कॉलेजच्या बँडचा. हा हसला तो, तो गोरा. आणि ही... काकू, बसा, उठू नका, आवाज वाढवतो मी. ही रचना.

काय म्हणालात काका? नाही. चारनं मागे आहोत. पण वेळ आहे अजून.

आणि सगळ्यांना, व्यासपीठासकट, हात जोडून एक विनंती. ऑफिसमधला फोन कोणी उचलू नका.